आवाज केव्हा येतो?

जुन्या मोटारीला अनेक आवाज असतात आणि घरच्या माणसांना ते सारे पाठ असतात. दाराचा खणखणाट, थंडीच्या सकाळी फॅनबेल्टची किंचाळी, गतिरोधकावर शॉकअपची कुरकुर यांनी आम्ही दचकत नाही. पण एखादा अनोळखी आवाज त्यांत मिसळला, की तो तत्काळ कानांना टोचतो.

आमची मारुती ८०० वीस वर्षांहून जुनी. १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेल्या या मोटारीचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. रस्त्यांवर मात्र ती अजून भेटते. गेल्या पावसाळ्यात वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला, की डब्यात भुंगा कोंडावा तसा आवाज घुमू लागला. सप्टेंबर जवळ आला होता. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला वृद्ध आईला न्यायचे होते. वाटेत कायगाव टोक्याचा गोदावरीवरील पूल आणि भरधाव मालमोटारी. एका गॅरेजने टायर झिजल्याचे निदान केले. नवे टायर आले, पैसे गेले, भुंगा तसाच राहिला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला यंत्रांचे नावीन्य नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. तरीही आमचे काम झाले ते छावणीतील एका वयस्क उस्तादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ते म्हणाले, "आवाज कहाँ से आता है, वो मैं देखूँगा. कब आता है, वो आप बताओ."

उस्ताद शेजारी बसले आणि आम्ही नगर नाक्याच्या दिशेने निघालो. वेग वाढवून त्यांनी गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन मंदावले, पण घुमणे कायम. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. गुळगुळीत डांबर असो की खडबडीत, सूर बदलेना. मग टायरही निर्दोष. उजवीकडे वळताना मात्र आवाज चढला आणि डावीकडे वळताना उतरला. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. परतल्यावर पुढचे डावे चाक जॅकवर उचलून त्यांनी ते हाताने फिरवले व दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना जाणवत होती. बेअरिंग गेले होते. तसेच चालवत राहिलो असतो, तर ते झिजून चाक डगमगू लागले असते आणि भर रस्त्यात जाम होण्याचा धोका होता.

इंजिनातील आवाज शोधताना लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राला व मूठ कानाला लावणारे कारागीर आपण पाहतो. रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ मध्ये पॅरिसला जवळजवळ हेच केले. कागदाची गुंडाळी रुग्णेच्या छातीवर ठेवून त्यांनी हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. लाएनेक श्रद्धाळू कॅथलिक होते. छातीचे रोग कानांनी ओळखायला जगाला शिकवणारा हा वैद्य १८२६ मध्ये स्वतः क्षयाने गेला.

विवेकबुद्धीची तपासणी करताना आम्हांला आता उस्तादांचा प्रश्न आठवतो. आपल्याला राग येतो, एवढे सांगून आपण पापनिवेदन उरकतो. तो केव्हा येतो? कोणाचे नाव निघाले की? कोणता भार पडला की? घरातील एखादे माणूस कुरकुरू लागले, तर 'स्वभावच तसा' हे निदान सर्वांत सोपे असते, आणि अनेकदा ते त्या टायरांसारखे महाग पडते. भार कोणत्या बाजूला आला, हे पाहायला थोडे अंतर त्या माणसाच्या शेजारी बसून जावे लागते.

नवे बेअरिंग बसले. आई हरेगावला जाऊन, मेणबत्ती लावून सुखरूप परतली. दाराचा खणखणाट आम्ही अजून दुरुस्त केलेला नाही. त्याचा कोणाला धोका नाही.