गोड्या पाण्यातले धने

रात्रभर भिजलेल्या धन्यांना पहाटे एक ओलसर, गवती वास येतो. तो वास आला की मला आश्विन आठवतो. जळगाव जामोदकडचं आजीचं गाव, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं ते विहिरीचं पाणी, इतकं खारं की त्यात डाळ शिजायला तयार नसे. गोडं पाणी दुरून यायचं. त्यातलं पेलाभर आजी धन्याजिऱ्यांसाठी बाजूला काढायची. चहाला कमी पडलं तरी चालेल.

पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदात खवळतं, असं आयुर्वेद सांगतो. आमच्याकडे नेमकी तेव्हाच कपाशीची बोंडं फुटतात. शेताला दहीभात दाखवून, सीतादही करून वेचणी सुरू व्हायची. शेताला थंडावा मिळायचा; वेचणारीच्या पोटात मात्र अनशापोटी काळा चहा, मग भाकर, ठेचा आणि दिवसभराचं ऊन. संध्याकाळी कंबर धरायची, आणि मग ती दुखण्यावरची गोळी.

वेदना उठवणारं जे काही शरीरात असतं, त्याचंच भावंड जठराचं अस्तर सांभाळतं. ही गोळी दोघांनाही गप्प करते. कंबर निवायची, पोट पेटायचं. पहाटे आजी मागच्या दारी बसायची. आधी आंबट, आणि पोट पार रितं झालं की ते हिरवट-पिवळं, कडू जहर. “पडलं व माय पित्त,” म्हणत ती भिंतीला टेकायची. मग धन्याचं पाणी, घोट घोट. त्या पाण्यानं आतली जखम भरत होती, असं मला आजही वाटत नाही. पण घोटागणिक तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल होत, हे पाहिलेलं आहे.

पुढे पित्ताच्याही गोळ्या आल्या. आधी रॅनिटिडीन. 2019 मध्ये तिच्यात कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली आणि 2022 मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिचं नाव गेलं. मग पॅन्टोप्राझोल. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. आजी आठवेल तेव्हा घेई. वर्षं गेली, तळपायांना मुंग्या यायला लागल्या, रक्तात बी-12 कमी निघालं. त्यात या गोळीचाही वाटा असू शकतो म्हणे. मग लाल इंजेक्शनं. एका पाहुण्यामागून अख्खं वऱ्हाड यावं, तसं. किती सोसलं तिनं!

खामगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी पोटाचं विचारलंच नाही. “आजी, कमरेसाठी काय घेता?” एवढंच. आजीनं मान वळवली, कनवटीची चुरगळलेली पट्टी हळूच टेबलावर ठेवली. ही बंद करायची, बाई म्हणाल्या. पोटाला भोवतेच, मूत्रपिंडालाही जपायला हवं, तुमच्या खारपाणपट्ट्यात तर अधिकच. आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“मंग कापूस कोन येचते, बाई?”