अठ्ठावन्न सोडवले

पेपर सुटल्यावर कोल्हापुरातल्या त्या सेंटरच्या फाटकाबाहेर जो तो एकच विचारत होता, "किती अटेम्प्ट?" कुणी पन्नास म्हणालं, कुणी त्रेचाळीस. मी म्हटलं, "अठ्ठावन्न." पासष्टांपैकी अठ्ठावन्न. दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. फेब्रुवारी २०१९. उसाचा रस प्यायले, सांगलीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दिवस आपला आहे असं वाटायला माणसाला एवढं पुरतं.

अण्णांचा फोन आला तेव्हाही मी तेच सांगितलं. अण्णा सेंट्रिंगची कामं घेतात. 'अटेम्प्ट' आणि 'मार्क' यांतला फरक त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी म्हटलं पासष्टपैकी अठ्ठावन्न, त्यांनी ऐकले मार्क. घरी पोहोचले तर ओट्यावर जिलेबीचा पुडा होता. साइटवरच्या चौदा माणसांना वाटून उरलेली. गैरसमज दूर करायला एक वाक्य पुरलं असतं. मी हात धुतले आणि जिलेबी खाल्ली.

गेटची परीक्षा दिलेल्यांना हिशेब माहीत असतो, इतरांसाठी सांगते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य कलचाचणीचे, म्हणजे थोडं इंग्रजी, थोडी आकडेमोड. बाकी गणित आणि आपापला विषय, माझा सिव्हिल. चार पर्यायांतला एकच निवडायचा असेल असा प्रश्न चुकला की एका गुणाला एक तृतीयांश आणि दोन गुणांना दोन तृतीयांश कापले जातात. उत्तराचा आकडा स्वतः भरायचा असेल तिथं मात्र कापाकापी नाही. त्यामुळे किती सोडवले या आकड्याला एकट्याला काहीच अर्थ नसतो. हे मला पेपरच्या आधीही माहीत होतं. फाटकाबाहेर कुणीतरी विचारलं आणि विसरले.

काही दिवसांनी पोर्टलवर रिस्पॉन्स शीट आली, पाठोपाठ उत्तरतालिका. आपण कुठल्या प्रश्नाला काय टिचकी मारली ते सगळं त्यात दिसतं. मी ती डाउनलोड करून ठेवली आणि उघडली नाही. फोल्डरला नाव दिलं 'नंतर'. मार्चच्या मध्यावर निकाल आला. पात्रतेच्या रेषेच्या दोनएक गुण खाली.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते पायरीवर बसून बुटांचा चिखल काढत होते. मी एका दमात सगळं बोलले, अठ्ठावन्नचा घोळसुद्धा. ते बराच वेळ बूट घासत राहिले. मग म्हणाले, "चौदा माणसांना वाटली गं मी." नापास झाल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं. त्यांना लागलं ते हे. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "पेपर बघितलास का उघडून?" मी म्हटलं, "बघून काय करू, निकाल लागला की." त्यावर ते फक्त हसले.

त्या हसण्याचा अर्थ मला लागला, कारण शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या साइटवर काढल्यात. काँक्रीट नीट ठोकलं गेलं नाही की सेंट्रिंग खोलल्यावर कॉलमला पोळं दिसतं, खडी उघडी पडलेली. पुष्कळ मिस्त्री इंजिनियर यायच्या आत त्यावर सिमेंटचा हात मारून मोकळे होतात. अण्णा खिशातून खडू काढतात, पोळ्याभोवती गोल करतात आणि इंजिनियरची वाट बघत बसतात. आम्ही याला वेडेपणा म्हणायचो. इंजिनियर येऊन शिव्या देणार हे ठाऊक असताना कोण खुणा करून ठेवतं?

'नंतर' मी दुसऱ्या दिवशी उघडलं.

५८ पैकी २६ बरोबर होते, ३२ चूक. बरोबर उत्तरांचे झाले ३७ गुण आणि कापले गेले ११. हाती २६. नॉर्मलायझेशनने त्यात फार फरक पडायचा नव्हता. हे अकरा गुण कुणी माझ्याकडून हिसकावले नव्हते, मीच उठून देऊन आले होते. मला वाटत होतं की अभ्यास कमी पडला. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या झेरॉक्स नोट्सचा ढीग दोनदा वाचून झाला होता, आता तिसऱ्यांदा वाचायचा, एवढाच माझा बेत होता. पण त्या ३२ प्रश्नांपैकी मला अजिबात न येणारे निघाले नऊ. आणखी नऊ तुक्के होते: दोन पर्याय उडवले, उरलेल्या दोनांत मन कौल देईल तिकडं. आठ ठिकाणी प्रश्नच धड वाचला नव्हता. आणि सहा गणितं मला येत होती, रीतही बरोबर होती, फक्त उत्तर चुकलं होतं.

या सहांनी मला सगळ्यात जास्त छळलं. घरी कॅसिओवर केली तर सहाही बरोबर येत होती. मग ध्यानात आलं की परीक्षेत कॅसिओ नव्हता. तिथं स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर असतो, तो माउसने एकेक आकडा टिचकून चालवायचा. कीबोर्ड चालत नाही. तो खिडकीसारखा उघडतो आणि नेमका प्रश्नावर येऊन बसतो. माझ्या कॅसिओवर आधी साइन दाबायचं, मग कोन. तिथं आधी कोन, मग साइन. चार वर्षं बोटांना एक वळण लागलेलं, ते तीन तासांत कसं बदलणार? हा कॅल्क्युलेटर सरावासाठी फुकट मिळतो हेही मला ठाऊक होतं. पण त्यावर सराव करणं म्हणजे मला अभ्यास वाटत नव्हता. अभ्यास म्हणजे पुस्तक, हायलायटर आणि रात्रीचे दोन.

शंभर पानी वही आणली आणि त्यात फक्त चुका लिहायला लागले. बरोबर आलेलं काही नाही, सूत्रं नाहीत, सुंदर आकृत्या नाहीत. तारीख, प्रश्न काय होता, मी काय केलं, का केलं. 'का' लिहिताना लाज वाटायची. 'घाई' असं लिहून चालत नाही, कारण घाई कशाची ते लिहावं लागतं. चिकणमातीच्या थराचं एक गणित त्या वहीत तीन वेळा आहे. थराच्या वर आणि खाली दोन्हीकडे वाळू असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं, म्हणून वाट थराच्या निम्मी धरायची. आणि वेळ वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो थेट पाव होतो. टेर्झागीचा हा सिद्धांत मी कुणालाही झोपेतून उठून समजावला असता. तरी सराव पेपरात मी तीनदा अख्खी जाडी घातली. तिसऱ्या वेळी 'का'पुढे लिहिलं: खालची ओळ वाचलीच नाही, कारण गणित ओळखीचं वाटलं. येतंय असं वाटलं की मी वाचणं थांबवते, हे मला त्या दिवशी कळलं.

तुक्क्यांसाठी वेगळा नियम केला नाही. फक्त दर सराव पेपरात तुक्के कुठं मारले तिथं टिंब द्यायचे आणि शेवटी त्यांचा वेगळा हिशेब करायचा. चार पेपरांनंतर हात आपोआप थांबायला लागला.

दरम्यान एका आर्किटेक्टकडे दिवसा नोकरी धरली होती. ऑगस्ट आला आणि कृष्णा गावात आली. आम्ही मिरजेला मावशीकडे गेलो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. मावशीच्या घरात दिवसभर एकच चर्चा: कोयनेतून किती क्युसेक सोडलं, पुलाजवळ किती फूट. शेजारचे काका मला म्हणाले, "तू इंजिनियर ना, सांग बघू, आता सोडलेलं पाणी सांगलीत कधी पोचणार?" मला सांगता येईना. जलविज्ञान हा विषय मी कॉलेजात परीक्षेपुरता केला होता आणि गेटला चक्क सोडून दिला होता. पाच-सहा गुणांसाठी कोण एवढं वाचणार, असं म्हणून. त्या न येणाऱ्या नऊ प्रश्नांतले चार त्यातलेच होते.

पाणी उतरल्यावर घर साफ करायला गेलो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात नोट्सचा ढीग होता. त्याचा लगदा होऊन एकच ठोकळा झाला होता, फावड्याने काढावा लागला. आई हळहळली. मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं. तो तिसऱ्यांदा वाचायची सक्ती संपली. वही माझ्याबरोबर मिरजेला होती.

ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून के. सुब्रमण्य यांचं हायड्रॉलॉजीचं पुस्तक आणलं. पूर नदीतून पुढं सरकताना त्याचा माथा कसा बुटका होत जातो आणि उशिरा पोचतो, हे मस्किंगम पद्धतीत तक्त्याने काढतात. कॉलेजात तो तक्ता मी न समजता भरला होता. आता पाटणहून कराड, कराडहून सांगली असा तो डोळ्यांपुढं सरकत होता. एका रकान्यातलं पाणी पुढच्या रकान्यात जाताना मध्ये नदीच्या पात्रात, शेतात, आमच्या खालच्या खोलीत साठून राहतं, तो साठा म्हणजे त्या सूत्रातला एस. हा धडा मी परीक्षेसाठी वाचलाच नाही. काकांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. पुढं एम.टेक.ला जलसंपदा घेतलं त्याचं मूळ तिथलं. पण ती गोष्ट वेगळी, आणि तिचं पहिलं सत्र टाळेबंदीमुळं त्याच खालच्या खोलीत लॅपटॉपसमोर गेलं. २०२० च्या पेपरात मला ५१ गुण पडले, तेही इथंच सांगून टाकते.

फेब्रुवारी २०२०. पुन्हा कोल्हापूर. या वेळी कॅल्क्युलेटरची खिडकी आधी ओढून कोपऱ्यात नेऊन ठेवली. शेवटची वीस मिनिटं मी जवळजवळ काहीच सोडवलं नाही, नुसते प्रश्न पुन्हा वाचले. दोन ठिकाणी खालची ओळ सापडली. अठरा प्रश्न कोरे ठेवून उठताना पोटात खड्डा पडला होता. हात शिवशिवत होते, त्यातल्या पाच-सहांचं उत्तर 'ब' असणार असं मन सांगत होतं.

फाटकाबाहेर तोच घोळका, तोच प्रश्न. मी बाजूला जाऊन अण्णांना फोन लावला. त्यांचा स्लॅब चालू होता.

"किती सोडवले?"

"सत्तेचाळीस."

पलीकडं थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज येत राहिला.

"बरं," ते म्हणाले. "या वेळी कुणाला सांगत नाही."