घंगाळांतील मासे

ज्या घरांत मासळीची टोपली कधीं उंबऱ्याच्या आंत आली नाहीं, त्या घराच्या परसांत मासे पोसले जावे, ही गोष्ट आमच्या आळींत बराच काळ थट्टेचा विषय होऊन राहिली होती. आमचें घर श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर. मागील दारीं विहीर, विहिरीपलीकडे नारळी-पोफळींची वाडी, आणि दोहोंच्या मध्यें जांभ्या दगडांत बांधलेलें एक जुनें टांकें. लांबी दहा फूट, रुंदी सहा, खोली साडेतीन. विजेचा पंप आल्यापासून तें कोरडें पडलें होतें. ठाण्यास राहणाऱ्या आमच्या नातीनें एका दिवाळीच्या सुटींत हट्ट करून त्यांत चौदा सोनेरी मासे सोडविले. डांसांच्या भयानें गप्पी माशांची भर आम्हीं घातली. तेव्हांपासून संध्याकाळीं त्या कांठावर घटकाभर बसल्यावांचून आम्हांस चैन पडेनासें झालें. निमित्त नातीचें; लळा मात्र आम्हांसच लागला होता, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं.

२०२० सालच्या टाळेबंदींत नात ठाण्यासच अडकली. रोज तिन्हीसांजेस दूरध्वनीच्या पडद्यावर तिला मासे दाखवावयाचे, असा नेम पडून गेला. जूनच्या आरंभीं वादळाची वार्ता आली. बांगला देशानें सुचविलेलें 'निसर्ग' हें साळसूद नांव धारण करून तें आमच्याच किनाऱ्याकडे येत होतें. नातीनें विचारलें, "आजोबा, माशांना आंत घ्याल ना?" "घेऊं हो," असें आम्ही सहज बोलून गेलों.

२ तारखेस सकाळीं नारळ उतरविणारा गडी आला. वाऱ्यानें सुटलेला नारळ तोफेच्या गोळ्यासारखा कौलांवर येतो, म्हणून झाडें आधींच मोकळीं करावयाचीं होतीं. त्यानेंच टांक्याची व्यवस्था सांगितली आणि ती सर्व योग्य ठरली. पाणी वीतभर उतरवावें, म्हणजे पाऊस मावण्यास जागा होते. मोरीच्या तोंडास जाळी बांधावी, नाहींतर मासे लोंढ्याबरोबर वाडींत वाहून जातात. पन्हळीचें तोंड दुसरीकडे वळवावें, कारण पहिल्या पावसांत कौलांवरची सारी घाण तिच्यांतून येते. वर जुनें जाळें ताणून कडांस जांभे ठेवावे. दाणे आम्हीं आदल्या दिवसापासूनच बंद केले होते. हें सर्व झाल्यावर तो म्हणाला, "आतां त्यांना हात लावूं नका, अण्णा. तळाला वारा नसतो."

इतकें ऐकून आम्ही स्वस्थ बसतों, तर हें लिहिण्याचें कारणच नव्हतें. परंतु नातीस वचन दिलें होतें. आणि चार बुकें वाचलेल्या मनुष्यास गड्याचें म्हणणें अर्धेंच ऐकण्याची खोड असते. संध्याकाळीं जाळें उचलून आम्हीं मासे धरूं लागलों. नऊ हातीं लागेनात. पांच लागले, तेही सर्वांत मोठे व सुरेख. कुटुंब म्हणालें, "अहो, धुण्याचा प्लास्टिकचा टप रिकामा आहे." तो टप आम्हांस हलका वाटला. वडिलांच्या वेळचें तांब्याचें घंगाळ, नुकतेंच चिंच लावून लखलखीत घासलेलें, माजघरांत आणविलें आणि विहिरीचें स्वच्छ पाणी भरून त्यांत मासे सोडले. तांब्यावर ते सोनेरी मासे असे कांहीं शोभले, कीं आम्ही स्वतःवर फार प्रसन्न झालों.

३ जूनच्या दुपारीं वादळ अलिबागच्या दक्षिणेस भूमीवर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर होता. आम्ही माजघरांत बसून पडवीचीं कौलें जातांना ऐकत होतों. प्रथम एक-एक, मग ओळीच्या ओळी. पोफळी मोडण्याचा आवाज तोंपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हता. त्या गदारोळांत घंगाळाकडे कोणाचें लक्ष असणार? दिवेलागणीस वारा उतरला तेव्हां कंदील पुढें केला. पांचही मासे उताणे तरंगत होते.

पुढें याविषयीं वाचलें. तांब्याचा अंश पाण्यांत उतरतो, माशाचे कल्ले त्यानें बिघडतात आणि श्वास घेणें अशक्य होतें. पाणी जितकें मऊ, तितका परिणाम तीव्र. पांच मोठे मासे एवढ्याशा पाण्यांत कोंडले होते, हें त्यावर आणखी एक. कल्हई नसलेल्या भांड्यांत ताक ठेवूं नये, हें आमच्या घरांतील पोरांसही ठाऊक होतें. पण ती गोष्ट माशांस लावून पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

सकाळीं टांक्याकडे जाण्याचें धैर्य होईना. एक पोफळ आडवी पडली होती, जाळ्यावर पाल्याचा ढीग होता, पाणी काढ्यासारखें काळें झालें होतें. खालीं नऊ सोनेरी सावल्या हलत होत्या.

खरा घोर तेथून पुढें. वीज नव्हती, म्हणून हवेचा पंप बंद. पडलेला पाला कुजूं लागला कीं पाण्यांतील प्राणवायु तोच खाऊन टाकतो. पहाटे तर तो सर्वांत कमी, कारण शेवाळही रात्रभर श्वासच घेत असतें. तिसऱ्या पहाटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले. मग आम्हीं व कुटुंबानें पाळी लावली: बादली भरावयाची, खांद्याइतकी उंच धरावयाची आणि धार सोडावयाची. हाताला येईल तेवढा पाला काढला, रोज थोडें जुनें पाणी उपसून विहिरीचें ओतलें, दाणे घातले नाहींत. मोडक्या घराचीं कौलें शेजारून मागून आणावयाचीं असतां हे दोघे म्हातारे पाण्यांत पाणी काय ओततात, असें लोकांस वाटलें असेल.

आठ दिवसांनीं टेकडीवर जाऊन नातीशीं बोलतां आलें. निघतांना कुटुंब म्हणालें, "वादळानें नेले म्हणा. कोण विचारणार आहे?" वाडी गेली, छप्पर गेलें, त्यांत पांच मासे सहज खपून गेले असते. वाटेंत आम्हीं तसें ठरविलेंही होतें. पण तिनें प्रथम आमची, आजीची व घराची चौकशी केली आणि मग हळूच माशांचें विचारलें, तेव्हां तें तोंडांतून निघेना. घडलें तें सांगितलें.

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "जे आंत घेतले नाहींत, ते आहेत ना?"

"आहेत. नऊ आहेत."

"त्यांना आतां बाहेरच राहूं द्या, आजोबा," एवढें बोलून तिनें आजीस बोलाविलें.