फ्रँकफुर्टची ऑगस्टे

मुलीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या कितीतरी आया जर्मनीत फ्रँकफुर्टला विमान बदलतात. मध्ये एखादा दिवस हाताशी असला, तर मैत्रिणींनो, शहराच्या वेस्टएंड भागात जरूर जाऊन या. फिकट पिवळ्या दगडाची, किंचित वळणाची लांबलचक इमारत दिसेल. आज तिथं गटे विद्यापीठ आहे. मुलंमुली हिरवळीवर पुस्तकं घेऊन पहुडलेली असतात.

पूर्वी ह्याच परिसरात मनोरुग्णालय होतं. नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची गृहिणी तिथं दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून, संसार चारचौघींसारखा. तिचं दुखणं कशानं सुरू झालं असेल? विसराळूपणानं? नाही हो, संशयानं! नवऱ्याचं शेजारणीशी काही आहे, असं तिनं घेतलं. मग विसर वाढला, स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवल्या जाऊ लागल्या. डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी तिला जेवताना विचारलं, काय खाता? ताटात होता फ्लॉवर नि मांस. बाई म्हणाली, पालक!

१९०६ मध्ये ती गेली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला, आणि पुढं ह्या रोगाला त्यांचंच नाव मिळालं.

आता कळतं ते असं. कानशिलांच्या आत, मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. भीती आणि इतर भावनांशी त्याचा जवळचा संबंध. आठवणी साठवणारा भाग त्याला अगदी खेटून. हा रोग दोन्ही पोखरतो. म्हणून घरातलं शांत माणूस एकाएकी घाबरट, चिडखोर किंवा संशयी होतं.

तेव्हा सासूबाई “माझ्या पाटल्या सुनेनं घेतल्या” असं नव्यानंच म्हणू लागल्या, तर लगेच भांडायला उभ्या राहू नका. तो स्वभाव नसेल, आजार असेल. पाटल्या त्यांच्याबरोबर शोधा, आणि डॉक्टरांना वेळेवर दाखवा. एक लक्षात ठेवा बरं का: असं माणूस प्रसंग विसरतं, पण त्यानं झालेलं दु:ख किंवा आनंद मागं रेंगाळतो. तुमचं नाव विसरल्या, तरी पाठीवरून फिरलेला हात त्यांना कळतो.

फ्रँकफुर्टच्या मुख्य दफनभूमीत डॉक्टरांची समाधी आहे. सवड असेल तर तिथं दोन फुलं ठेवा. एक ऑगस्टेच्या नावानं.