दोन्ही वाटांवर तोच राक्षस

शनिवारी रात्री कोथरूडच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो. डंजन मास्टर मी. ऑफिसनंतर जागून गोष्ट रचलेली, त्यामुळे ती माझ्याच रुळांवरून धावायला हवी होती. याला रेलरोडिंग म्हणतात, हे तेव्हा मला माहीतही होतं.

एकदा वाटेला फाटा आला. मित्राने बराच विचार करून जंगल टाळलं, नदीची वाट धरली. राक्षस मी जंगलात ठेवला होता; गुपचूप उचलून नदीकाठी आणला. मित्राला त्याच्याशी बोलायचं होतं. वीस बाजूंच्या फाशावर १९ पडले. तरी मी म्हणालो, "तो ऐकत नाही. हल्ला करतो."

मित्र शांतपणे म्हणाला, "मग फासा टाकायला कशाला लावलंस?"

त्या रात्री झोप लागली नाही. बारावीनंतर बाबा म्हणाले होते, "तुला हवं ते घे. कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल." मी आठवडाभर मनापासून विचार केला होता. बाबांनीही गोष्ट माझ्यासाठीच जागून रचली होती.

पुढच्या शनिवारी तो प्रसंग पुन्हा खेळलो. या वेळी मी शेवट लिहिला नव्हता. राक्षसाला काय हवंय, एवढंच लिहून नेलं. मित्राने बोलणी केली. फाशावर ४ पडले. राक्षस भडकला, सगळे हरले.

निघताना चपला घालत मित्राने विचारलं, "पुढच्या शनिवारी किती वाजता?"