भोकरदनची मिरची आणि परदेशचे कागद

निर्यातीच्या कागदपत्रांवर 'सगळ्यांना समजेल असे' लिहा, असे संपादकांनी सांगितले. प्रयत्न करते. पण हा विषयच बारकाव्यांचा आहे. ते गाळले तर सांगायला फारसे काही उरत नाही, त्यामुळे थोडे वाचकांनीही सोसावे.

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हंगामात हिरव्या मिरचीच्या गाड्या भरल्या जातात, तेव्हा मला एक प्रश्न हमखास येतो : "ताई, दुबईला जे कागद दिले तेच बांगलादेशला चालतील ना?" नाही चालत. माल तोच, शेतकरी तोच. पण कागद कोणते लागतील हे माल उतरेल त्या देशाचा कायदा ठरवतो. हे इतक्या वेळा सांगून झाले आहे की आता थकवा येतो.

बाजारात ज्याला 'फायटो' म्हणतात ते वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र घ्या. १९५१च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारामुळे त्याचा नमुना जगभर जवळपास सारखाच आहे. म्हणून लोकांना वाटते, एकदा फायटो काढला की झाले. पण त्या नमुन्यात 'अतिरिक्त घोषणा' अशी एक जागा असते, आणि देशादेशांतला खरा फरक त्या दोन-चार ओळींत असतो. अमुक किडीपासून माल मुक्त आहे, अमुक प्रक्रिया केली आहे, असे जे आयातदार देशाने मागितले असेल ते तिथे नेमके यावे लागते. बांगलादेशसाठी तर आधी ढाक्याच्या कृषी विस्तार खात्याचा आयात परवाना लागतो. त्याची मुदत गाडी सीमेवरच्या पेट्रापोलच्या रांगेत असताना संपली, तर मिरची तिथेच लाल पडते आणि सडते. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९पासून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे सोडून सर्व ताज्या फळांना फायटो सक्तीचा केला. मिरचीही त्यात आली, कारण वनस्पतिशास्त्रात ती फळच आहे. इजिप्तला समुद्रमार्गे माल पाठवायचा तर ऑक्टोबर २०२१पासून आयातदाराने आधीच नोंदणी करून मिळवलेला एकोणीस अंकी क्रमांक कागदांवर हवा. सौदी अरेबियाने २०१४मध्ये कीटकनाशकांच्या अंशांमुळे आपली हिरवी मिरचीच थांबवली होती. तिथे कागद कितीही चोख असते तरी उपयोग नव्हता.

हे देश आपल्याला छळतात, असे म्हणणाऱ्यांनी आपला २००३चा वनस्पती विलगीकरण आदेश वाचावा. बाहेरून येणाऱ्या कडधान्यांना मिथिल ब्रोमाइडची धुरी तिकडेच दिलेली असावी, ही आपली अट होती. ओझोनच्या थराला घातक म्हणून तिकडे त्याचा वापर कमी केलेला, शिवाय कडाक्याच्या थंडीत ते नीट काम करत नाही, असे कॅनडा वर्षानुवर्षे सांगत राहिला. प्रत्येक देश आपले शेत जपतो, आपणही जपतो.

आता जे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही ते सांगते. इथल्या एका निर्यातदाराचे कार्यालय शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. बांगलादेशच्या आयातदाराने उघडलेल्या एलसीत, म्हणजे बँकेच्या पतपत्रात, पत्ता जुना : औरंगाबाद. मूळस्थान प्रमाणपत्रावर नवा : छत्रपती संभाजीनगर. माल पोहोचला, विकला गेला, आणि तिकडच्या बँकेने 'विसंगती' म्हणून पैसे अडवले. दरम्यान मिरचीचा भाव उतरला होता. आयातदाराने लगेच सूट मागितली.

ही विसंगती नव्हतीच. पतपत्रांचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने केलेले आहेत. सध्याची आवृत्ती, यूसीपी ६००, १ जुलै २००७पासून लागू आहे. तिच्या कलम १४(जे)नुसार विक्रेत्याचा आणि खरेदीदाराचा पत्ता सगळ्या कागदांवर एकसारखा असण्याची गरज नाही. देश तोच असला की पुरे. अपवाद एकच : वाहतुकीच्या कागदावर माल घेणारा किंवा ज्याला सूचना द्यायची तो म्हणून खरेदीदाराचा पत्ता आला, तर तो पतपत्राप्रमाणे हवा. आमचे प्रकरण विक्रेत्याच्या पत्त्याचे होते. १४(डी)ही तेच सांगते : तपशील हुबेहूब असायला नको, परस्परविरोधी मात्र नको. शहराचे नाव बदलले म्हणून शहर दुसरे होत नाही. आम्ही हे लेखी कळवले. तोवर निर्यातदाराने सूट देऊन टाकली होती, कारण पुढच्या गाडीसाठी त्याला पैसे हवे होते. त्याला दोष देत नाही. पण सगळे कागद बरोबर असताना पैसे सोडावे लागले, याचा राग अजून आहे.

जालन्याजवळच्या ड्राय पोर्टची, म्हणजे जमिनीवरच्या बंदराची, पायाभरणी २०१५मध्ये झाली, तेव्हापासून ऐकते आहे की ते चालले की कागदांची कटकट मिटेल. आपल्या बाजूची कस्टमची कामे जवळ होतील, हे खरेच मोठे काम आहे. पण ढाक्याचा परवाना ढाक्यातच निघणार आणि एलसी तिकडचीच बँक तपासणार.

म्हणून भोकरदन-सिल्लोडच्या व्यापाऱ्यांना एवढेच सांगणे : गाडी भरण्याआधी आयातदाराकडून परवान्याची प्रत मागून घ्या, त्यातले वजन, मुदत आणि फायटोवरची अट स्वतः वाचा. आणि पत्त्यावरून कोणी पैसे अडवले, तर सूट देण्याआधी कलम १४(जे) लिहून बँकेला लेखी उत्तर पाठवा.