पुण्याला वळसा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला नाशिकहून कोल्हापूरला न्यायचंय. पाय फार वेळ दुमडून चालणार नाही. म्हणून चाकणची कोंडी नको, नवले पूल नको, एवढं ठरलं. रात्री नकाशा उघडून बसतो. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा. तिथून पुण्याकडे न वळता शिरूर, न्हावरे, चौफुला, मोरगाव, नीरा, लोणंद, सातारा. मोबाइल मात्र हट्टी रिक्षावाल्यासारखा पुण्याकडेच ओढतो.

नीरेपाशी बोट थांबतं. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना इथेच स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. वारीला गाव म्हणजे मुक्काम, विसावा. मी गावं निवडतोय ती केवळ रस्ता मोकळा मिळेल म्हणून. लोणंदला कांद्याचा बाजार भरलेला असला, तर ट्रॅक्टरांमागे उभं राहावं लागेल; तिथल्यांना आमचीच गाडी अडचण वाटेल.

आईला मार्ग वाचून दाखवला. म्हणाली, "मग मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन होईल का रे?" देवळाच्या पायऱ्यांबद्दल मी अजून बोललेलो नाही. वळसा काढला होता न थांबता जाण्यासाठी; आता त्यातच थांबे वाढताहेत, आणि ते खोडावेसे वाटत नाहीत.